एसी लावायची तारीख

आमच्या घरात वसंताची सरहद्द
एसीच्या बटणावरची चिकटपट्टी ठरवते.
डिसेंबरात मी लावते, मार्चात हे काढतात,
मधले दिवस खिडकी उघडी.
वादी कबीरचा डोंगर, एरवी काचेपलीकडचं कॅलेंडर,
घरात येऊन बसतो, धुळीसकट.
खालच्या टपरीवरच्या चहातली वेलची
तिसऱ्या मजल्यावर फुकट.

बाल्कनीत, मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात, मेथी.
फोडणीच्या डब्यातलीच मूठभर पेरलेली.
उन्हाळाभर झाडांना एसीचं पाणी, टिप् टिप्, बादली भरते.
आता बादली कोरडी. मी तांब्या घेऊन फिरते
आणि झाडं माझ्याकडे बघतात
शाळेच्या बसमधली मुलं बदली ड्रायव्हरकडे बघतात तशी.
मोगऱ्याला तीन कळ्या.
नर्सरीतल्या कुंजुमोनने "फ्री, चेची" म्हणून दिलेली जास्वंद,
तिला काहीच नाही.
नसू दे.

रुवीच्या चौकात पालिकेने पेटुनिया लावले
एका रात्रीत, सतरंजी उलगडावी तसे.
त्यातलं एक जांभळं मी तोडलं.
(दंड किती असतो, विचारलं नाही.)
ओल्या रुमालात, पोळीच्या डब्याशेजारी,
दिवसभर ऑफिसच्या खणात राहिलं,
संध्याकाळी जलीलच्या दुकानात
मी ते ताग्यांच्या भिंतीपुढे धरलं: हा रंग.
जलीलने चष्मा काढला. फूल तळहातावर घेऊन
एकेका ताग्याशी नेलं,
मुलीचं स्थळ बघावं इतक्या गांभीर्याने.
पण तोवर ते कोमेजलेलं, कडेने निळसर, आत वांगी.
"सकाळी वेगळं होतं," मी म्हटलं.
"सकाळी सगळंच वेगळं असतं, दीदी," तो म्हणाला
आणि कोमेजल्या रंगाचं तीन मीटर सुती
टर्रकन फाडून दिलं.

खालच्या झुवैनाने बेतून दिलं.
बाह्या रुंद, तिच्याकडच्या. गळा माझ्याकडचा.
खिसा दोघींच्या भांडणातून.
खिशाने कापडाचा झोल बिघडतो, ती म्हणाली.
बिघडू दे. एकतीस वर्षं
मी किल्ल्या दातांत धरून जिने चढले आहे.

घालून गेले तर हिशेबातला थॉमस:
"मॅडम, बर्थडे?"
नाही रे. गुरुवार.

मार्चची बावीस. पारा पस्तीस.
हे घाम पुसत बटणाकडे गेले,
पट्टीचं टोक नखाने उचललं,
तेवढ्यात खिडकीबाहेर, एसीच्या टपावर, काही हाललं.
होल्याची मादी.
सहा-सात काड्या, प्लास्टिकची सुतळी,
माझ्या कापडाचे दोन जांभळे दोरे,
घरटं म्हणायला धीर लागेल असं घरटं,
आणि त्यात दोन अंडी, घरंगळण्याच्या बेतात.

एसी लावला की तो टप थरथरतो. आम्हाला ठाऊक आहे,
वर ठेवलेली कुंडी गेल्या वर्षी तशीच गेली.
हे बराच वेळ उभे राहिले.
मग टोक परत चिकटवलं, अंगठ्याने दाबलं, दोनदा.
"किती दिवस लागतात?"
"तेरा-चौदा. मग पिल्लांचे आणखी दोन आठवडे."
"म्हणजे एप्रिल गेला."
बनियन काढून खांद्यावर टाकलं
आणि माळ्यावर टेबलफॅन शोधायला चढले.

संध्याकाळी मेथी उपटली, जेमतेम दोन जुड्या.
एक झुवैनाकडे, मुळांची माती झटकून.
खिशात किल्ल्या, कात्री, आणि कसलंतरी बी,
कसलं ते आठवेना.
रात्री फरशीवर पाणी मारून तिथेच आडवे झालो,
खिडकी सताड, पंखा मान हलवत नाही नाही म्हणतोय.
डोळा लागतालागता हे कुशीवर वळले:

"तिला उकडत नसेल का गं?"